त्वचेचे उतणे : प्रस्तावना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्यात, माजघराच्या कोनाड्यात, वेखंडाच्या आणि मुरुडशेंगेच्या शेजारी एका पत्र्याच्या डबीत चार-सहा बिब्बे नेहमी असत. आणि पायात काटा मोडून ठणका लागला, किंवा टाचेला भेग पडली, की आजी त्यांतील एक बिब्बा सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरी, त्यातून सुटणारा काळा चिकट थेंब दुखऱ्या जागी नेमका टेकवी, आणि तो टेकविण्यापूर्वी, ज्याच्या पायाला तो लावायचा त्याला, मग तो घरचा असो वा दारचा, एक प्रश्न न चुकता विचारी : ‘तुला उततो का रे?’ ज्याला उतत नसे त्याचे काम पाच मिनिटांत आटोपे. ज्याला उते त्याची बोळवण ती हळद आणि खोबरेल तेलावर करी. कारण अशा माणसाला बिब्बा लावला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या पायावर, आणि कधी कधी बिब्ब्याचा हात चुकून लागला असेल त्या पापणीवर व मानेवर, सूज, पाण्याने भरलेले बारीक फोड आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागू न देणारी खाज उमटते, हे तिने आयुष्यात अनेकदा पाहिले होते.

मराठीने ह्या विकारासाठी जे क्रियापद योजिले आहे ते दूध उतण्याचेच आहे, आणि ते किती यथार्थ आहे ते मला पुढे सूक्ष्मदर्शकाखाली रोगट त्वचेचा छेद पाहताना कळले. तेथे रक्तातील द्रव आणि रक्तातील पांढऱ्या पेशी आपल्या पात्राचा काठ ओलांडून, एरवी जेथे त्यांनी गर्दी करू नये अशा जागी, थेट त्वचेच्या वरच्या थरात उतू आलेल्या असतात. परंतु दूध तापले की कोणत्याही भांड्यात उतते, बिब्बा मात्र काहींनाच उततो. आणि दूध क्षणात उतते, बिब्ब्याला दोन दिवस लागतात. बिब्ब्याचा तेजाळ रस कोणाच्याही कातडीला थोडाफार भाजतो हे खरे. पण ते भाजणे वेगळे आणि हे उतणे वेगळे. काहींनाच का, आणि दोन दिवसांनीच का, ह्या दोन प्रश्नांभोवती प्रस्तुत पुस्तक फिरते. त्यांतील पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी शरीराच्या स्मृतीत आहे. दुसऱ्याचे उत्तर, आणि माझ्या मते ह्या साऱ्या रोगाचे मर्म, पेशी एकमेकींना ज्यांच्या योगे धरतात त्या रेणूंत आहे. त्यांना शास्त्रीय परिभाषेत ‘पेशी-आसंजन रेणू’ म्हणतात. मी त्यांना पुष्कळ ठिकाणी नुसते ‘पकडीचे रेणू’ म्हटले आहे.

हा प्रश्न केवळ आजीच्या डबीतला नव्हता. परीट लोक धोतराच्या नि सदऱ्याच्या कोपऱ्यावर ज्या न पुसणाऱ्या खुणा करीत त्या बिब्ब्याच्याच असत, आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात उतरलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर व कमरेवर नेमक्या त्या खुणांच्या जागी इसब उठू लागला तेव्हा १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी ‘धोबीखुणेचा त्वचाशोथ’ म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या मायदेशी रानात ‘पॉयझन आयव्ही’ नावाची जी वेल उगवते तिच्यातील द्रव्य आणि बिब्ब्यातील द्रव्य एकाच कुळातील आहे. काजूच्या टरफलातील तेल आणि आंब्याचा चीक हेही त्याच गोत्रातले. मायदेशीच्या वेलीशी ज्यांची पूर्वी गाठ पडली असेल त्यांची त्वचा परक्या मुलखातील परटाची खूणही ओळखू शके, ही गोष्ट मला फार विचार करावयास लावते.

पण आजच्या मराठी वाचकाच्या दृष्टीने ह्या विषयाचे खरे उदाहरण पुण्यात घडले. १९५६ साली राव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात पुण्यास आढळलेल्या एका नव्या तणाची नोंद केली. अमेरिका खंडातून आलेले, गाजराच्या पाल्यासारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले हे तण म्हणजे ‘पार्थेनियम’. लोकांनी त्याला गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे दिली, आणि आयात गव्हाच्या पोत्यांतून ते आले अशी समजूत सर्वत्र रूढ झाली. एकेका रोपाला हजारोंनी बी धरते. रस्त्याच्या कडा, रेल्वेचे रूळ, पडीक शेते, कचऱ्याचे उकिरडे व्यापीत ते दोन दशकांत देशभर पसरले. आमच्या ग्वाल्हेरीस किल्ल्याच्या पायथ्यापासून मुरारच्या वाटेवरील मोकळ्या जागांपर्यंत पहिला पाऊस पडला की ते कमरेएवढे उभे राहते. १९७४ साली पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांचे परदेशी सहकारी मिचेल व कॅलनन यांनी ह्या गवतामुळे होणाऱ्या त्वचाशोथाचे सविस्तर वर्णन केले, आणि लवकरच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रसायनज्ञांच्या सहकार्याने त्यातील अपायकारक द्रव्याचा शोधही पुढे नेला. ‘पार्थेनिन’ नावाच्या ह्या द्रव्याचा एक कोपरा असा घडला आहे की तो शरीरातील प्रथिनांना, विशेषतः त्यांतील गंधकयुक्त भागाला, कायमचा चिकटतो. आपलेच प्रथिन मग शरीराला अनोळखी वाटू लागते.

ह्या रोग्यांना एकदा पाहिलेला वैद्य विसरत नाही. बहुधा तो पन्नाशीच्या आसपासचा, शेतात राबणारा पुरुष असतो. कपाळाची कातडी जाड होऊन तिच्यावर नांगरटीसारख्या आडव्या घड्या पडलेल्या, पापण्या सुजलेल्या, कानाच्या पाळ्या लोंबत्या, मानेचा उघडा भाग काळवंडलेला आणि सदऱ्याच्या गळ्याखाली मात्र पांढरी स्वच्छ त्वचा. कोपराच्या आतल्या वळीत, जेथे वाऱ्याने आलेली धूळ घामात अडकते, तेथे ओलसर, चिरे पडलेला लाल पट्टा. तो म्हणतो की दर वर्षी पावसाळ्यात वाढते, थंडीत जरा बरे वाटते, आणि अलीकडे बारमाही झाले आहे. गवताला त्याने हात लावलेला असतोच असे नाही. सुकलेल्या पानांवरील सूक्ष्म केसांचा चुरा वाऱ्याबरोबर त्याच्याकडे चालत येतो.

निदानासाठी त्याच्या पाठीवर संशयित द्रव्याच्या चकत्या चिकटवितात. योसेफ यादासोन ह्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली ब्रेस्लाऊ येथे पाऱ्याची चाचणी करताना ही रीत सुरू केली, आणि तिचे स्वरूप आजही फारसे बदललेले नाही. चकती लावली की पहिल्या दिवशी काही दिसत नाही. अठ्ठेचाळीस तासांनी ती काढली म्हणजे एका चौकोनाखाली बोटाला खरखरीत लागणारी लाली, तिच्यावर साबुदाण्याच्या भिजल्या दाण्यांसारखे फोड. शेजारच्या नऊ चौकोनांखाली निर्मळ त्वचा. द्रव्य पहिल्याच तासात त्वचेत शिरले होते. मग मधले दोन दिवस काय चालले होते?

क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला (त्याचा ‘अधिहर्षता’ हा पर्याय आमच्या परिभाषाकारांनी दिला असला तरी मी रूढ शब्दच ठेवला आहे), पण ह्या दोन दिवसांचा उलगडा त्या शब्दाने झाला नाही. १९४२ साली लँडस्टायनर आणि चेस यांनी ॲलर्जी झालेल्या गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या निरोगी गिनीपिगमध्ये घातल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर रोगाची प्रवृत्तीही गेली. नुसत्या रक्तजलाने ती जात नव्हती. म्हणजे हा रोग पेशींचा, आणि त्या पेशी तर रक्ताबरोबर सर्व शरीरभर अखंड वाहत असतात. त्यांतील मूठभर पेशी पाठीवरच्या त्या एका चौकोनाखालीच कशा उतरल्या, शेजारच्या नऊ चौकोनांखाली का उतरल्या नाहीत?

ह्याचे पहिले उत्तर बेडकाने दिले. १८६७ साली युलिउस कोनहाइम याने जिवंत बेडकाच्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहिल्या आणि शोथ सुरू झाला की पांढऱ्या पेशी भिंतीच्या कडेला येतात, थांबतात आणि भिंतीतून बाहेर पडतात हे नोंदविले. विद्यार्थिदशेत हाच प्रयोग मी स्वतः पाहिला, आणि त्या दुपारचे ऋण ह्या पुस्तकावर आहे. काचेखाली एक बारीक शीर होती. तिच्या मध्यातून लाल पेशींचा लोंढा इतक्या वेगाने जात होता की वेगळी पेशी डोळ्याला टिपता येत नव्हती. पण कडेला, भिंतीला लागून, एक गोल पांढरी पेशी चेंडूसारखी गडगडत, अडखळत, पुन्हा गडगडत सावकाश पुढे सरकत होती, जणू प्रवाह तिला ओढीत होता आणि भिंत तिला सोडायला तयार नव्हती. मग ती थांबली. बराच वेळ नुसती थांबली. नंतर तिचा गोल आकार चपटा झाला, तिने भिंतीत एक बारीक पाय घातला, आणि अर्ध्या घटकेने ती शिरेच्या बाहेर होती. कोनहाइमने आपल्या पुढील लिखाणात आग्रहाने मांडले की शोथाचे मूळ पेशीत नसून वाहिनीच्या भिंतीच्या बदललेल्या स्वरूपात आहे. भिंतीत काय बदलते ते सांगण्याची साधने त्याच्यापाशी नव्हती. ती यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

ती साधने १९८० नंतरच्या दशकात हाती आली, आणि कोनहाइमचा आग्रह खरा ठरला. शिरेच्या आतल्या अस्तराच्या पेशींना जवळच्या त्वचेतून संकटाचा निरोप पोचला की त्या आपल्या पृष्ठभागावर ‘सिलेक्टिन’ नावाचे रेणू उभे करतात. त्यांतील ‘पी’ प्रकारचे सिलेक्टिन पेशीच्या आत कोठारात तयार असते, ते काही मिनिटांत वर येते. ‘ई’ प्रकारचे नव्याने घडवावे लागते, त्याला काही तास लागतात. हे रेणू पांढऱ्या पेशीच्या अंगावरील विशिष्ट शर्करासाखळीला पकडतात. पकड हलकी असते, सुटते, पुढची लागते, आणि म्हणूनच ती पेशी गडगडते. ह्या पकडीचा एक विलक्षण गुण २००३ साली प्रयोगाने सिद्ध झाला : विशिष्ट मर्यादेपर्यंत प्रवाहाची ओढ वाढली तर ती सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते, जशी बैलाने ओढ घेतली की दाव्याची गाठ आवळते. गडगडणाऱ्या पेशीला मग भिंतीवर रासायनिक इशारा मिळतो, आणि तिच्या अंगावर आतापर्यंत मिटून राहिलेले ‘इंटेग्रिन’ रेणू उलगडतात. ते भिंतीवरील ‘आयकॅम-१’ आणि ‘व्हीकॅम-१’ ह्या रेणूंना अशी घट्ट मिठी मारतात की पेशी जागच्या जागी थांबते. उतरण्याचा हुकूम येथे पक्का होतो.

यांतील प्रत्येक पायरी ॲलर्जीच्या रोगात वेगळा अर्थ धारण करते. आयकॅम थोड्या प्रमाणात भिंतीवर नेहमीच असते, शोथात ते वाढते. व्हीकॅम मात्र निरोगी भिंतीवर जवळजवळ नसतेच, आणि ‘इंटरल्यूकिन-४’ ह्या, ॲलर्जीत विशेषत्वाने स्रवणाऱ्या, संदेशद्रव्याने ते उभे राहते. त्याला पकडणारे इंटेग्रिन पांढऱ्या पेशींपैकी लिंफपेशींवर आणि इओसिनरागी पेशींवर असते, सामान्य पूपेशींवर नगण्य असते. आणि त्यामुळेच गळवात पू होतो पण ॲलर्जीच्या इसबात वेगळ्याच पेशींची गर्दी आढळते, ह्या जुन्या निरीक्षणाचा काही अंशी उलगडा होतो. त्वचेकडे जाणाऱ्या लिंफपेशींच्या अंगावर तर ‘क्ला’ ह्या नावाने ओळखली जाणारी एक खास शर्करायुक्त खूण असते. आतड्याकडे जाणाऱ्या पेशीवर ती नसते. आमच्या जुन्या दरबारी दप्तरांत एका परगण्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याला नाक्यावर दाखवावयाचे जे दस्तक असे, त्याच्याशी ह्या खुणेची तुलना करण्याचा मोह मला आवरत नाही; त्वचेच्या शिरांतील ई-सिलेक्टिन हे त्या नाक्यावरील चौकीदार. आणि निकेलची गोष्ट तर ह्याहून विस्मयकारक आहे. खोट्या दागिन्यांत, घड्याळाच्या पट्ट्याच्या कडीत असणारा हा धातू, त्याची पूर्वीची भेट लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी येण्यापूर्वीच, स्वतः अस्तराच्या पेशींना पकडीचे रेणू उभे करण्यास भाग पाडतो. जो शत्रू म्हणून धरला जावयाचा तोच येथे दरवाजा उघडतो.

शिरेतून उतरलेली पेशी वर चढते ती त्वचेच्या बाह्य थराकडे. ह्या थरातील केराटिनपेशी विटांसारख्या एकमेकींना बिलगून असतात, आणि ती बिलगण ‘कॅडहेरिन’ नावाच्या, कॅल्शियमवर अवलंबून असणाऱ्या, रेणूंची असते. लँगरहान्स पेशी, ज्या पाउल लँगरहान्स ह्या विद्यार्थ्याने १८६८ साली सोन्याच्या क्षाराने रंगवून प्रथम पाहिल्या आणि ज्यांना तो मज्जातंतूंच्या पेशी समजला, त्याही ह्याच रेणूंच्या बळावर केराटिनपेशींत रोवलेल्या राहतात. पार्थेनिनसारखे काही त्वचेत शिरले की त्यांची ही पकड सैल होते आणि त्या बातमी घेऊन लिंफग्रंथीकडे निघतात. म्हणजे रोगाची सुरुवात एका पकडीच्या सुटण्याने होते आणि त्याची वाढ दुसऱ्या पकडीच्या बसण्याने. लिंफपेशी वर आल्या की त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉनच्या प्रभावाखाली केराटिनपेशींवरही, जेथे ते एरवी नसते, आयकॅम उगवते, आणि आलेल्या पेशी तेथेच ठाण मांडतात. काही केराटिनपेशी मरतात, उरलेल्यांचे कॅडहेरिन तुटते, मधल्या फटींत द्रव शिरतो, आणि छेदात तो थर ओल्या स्पंजासारखा दिसतो. फटी एकत्र आल्या की फोड होतो. आजीचे उतणे ते हेच.

इतके वाचून कोणालाही वाटेल, आणि शास्त्रज्ञांनाही वाटले, की मग ही पकडच तोडावी. ती तुटली तर काय होते हे निसर्गाने आधीच दाखविले आहे. ज्या बालकांत एका विशिष्ट इंटेग्रिनचा घटक जन्मतः सदोष असतो त्यांची नाळ लवकर गळून पडत नाही, जखमेत पू धरत नाही, रक्तात पांढऱ्या पेशींची रेलचेल असूनही एकही पेशी जेथे हवी तेथे उतरत नाही, आणि साध्या जंतूने त्यांचा जीव धोक्यात येतो. ह्याच जातीच्या दुसऱ्या रोगाची कथा मराठी वाचकाला जवळची वाटेल. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा एक आगळा प्रकार ‘लॅन्सेट’मध्ये वर्णिला, तो जगभर ‘बाँबे रक्तगट’ म्हणून प्रसिद्ध झाला. ह्या लोकांच्या लाल पेशींवर फ्यूकोज ही शर्करा जोडलेली नेहमीची खूण नसते. रक्त घेताना अडचण येते, एरवी ते निरोगी असतात. चाळीस वर्षांनी, १९९२ साली, इस्राएलमधील दोन बालकांत हाच रक्तगट आढळला, पण बरोबरीने वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि पू न धरण्याचा दोषही. कारण त्यांच्या शरीरात फ्यूकोज कोठेच नीट जोडले जात नव्हते, आणि सिलेक्टिन ज्या साखळीला पकडतात तिच्यातही फ्यूकोज लागतेच. अशा रोग्यांपैकी काहींना तोंडावाटे फ्यूकोज देऊन गुणही आला. मुंबईच्या एका रक्तपेढीतील कोड्याचा धागा त्वचेच्या शिरेतील गडगडणाऱ्या पेशीपर्यंत पोचतो, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

मानवी प्रयत्नांचा अनुभवही सावधच करणारा ठरला. लिंफपेशीवरील इंटेग्रिनला बांधून ठेवणारे ‘एफालिझुमॅब’ हे औषध २००३ साली सोरायसिससाठी संमत झाले, पुष्कळांची त्वचा त्याने स्वच्छ झाली, आणि २००९ साली ते बाजारातून मागे घ्यावे लागले. कारण काही रोग्यांच्या मेंदूत एरवी निद्रिस्त असणारा एक विषाणू जागा होऊन प्राणघातक विकार झाला. त्वचेत उतरणाऱ्या पेशींना अडविणारा हात मेंदूचे रक्षण करणाऱ्या पेशींनाही अडवीत होता. माझे स्पष्ट मत असे की पकड सरसकट तोडण्यापेक्षा ती कोणाच्या हुकमाने बसते ते पाहून तो हुकूम अडविणे हाच शहाणपणाचा मार्ग. इंटरल्यूकिन-४ चा संदेश रोखणारे जे औषध २०१७ पासून तीव्र इसबासाठी मिळू लागले ते ह्याच वाटेचे आहे, जरी त्याची किंमत माझ्या बहुतेक रोग्यांच्या आवाक्याबाहेरची असली तरी.

आमच्याकडे गोरगरिबांचे औषध म्हणजे स्टेरॉइडचे मलम. ते अस्तराच्या पेशींत पकडीच्या रेणूंची घडण थांबविते, म्हणून त्याने दोन दिवसांत लाली ओसरते, खाज शमते. पण शेतातले गाजरगवत जागच्या जागी असते, आणि मलम थांबले की नवे रेणू उभे राहतात. एका रोग्याने दुकानदाराच्या सल्ल्याने असे मलम चार वर्षे चेहऱ्यावर चोळले होते. त्याच्या गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि तिच्यातून लाल शिरा दिसत होत्या. हे पाहून मला जो संताप आला तो मी ह्या पुस्तकात लपविलेला नाही. गवत उपटणे, ते उपटताना अंग झाकणे, कामावरून आल्यावर आंघोळ करणे, आणि १९८३ साली मेक्सिकोहून बेंगळूरला आणलेल्या, गाजरगवतावरच जगणाऱ्या भुंग्याची माहिती गावोगाव पोचविणे, ह्या गोष्टींना मी औषधाइतकीच पाने दिली आहेत.

 ग्वाल्हेरच्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयात हे शास्त्र मुख्यतः इंग्रजीत शिकविले जाते, जयारोग्य रुग्णालयाच्या दारात रोगी हिंदीत किंवा बुंदेलीत बोलतो, आणि जनकगंजातल्या घराघरांत अजून काही मराठी उरली आहे. ह्या तिसऱ्या भाषेत हे लिहावे असे मला वाटले, त्याचे कारण तिने ‘उतणे’ हा शब्द मला लहानपणीच दिला होता. जेथे मराठी संज्ञा ओढूनताणून घडवावी लागली असती तेथे मी मूळ नावच देवनागरीत लिहिले आहे.

पहिल्या प्रकरणाच्या आरंभी गाजरगवताच्या पानाचे, भिंगातून दिसते तसे, चित्र दिले आहे. डबऱ्याकडच्या एका शेतकऱ्याला मी तेच पान भिंगाखाली दाखविले होते. पानाच्या अंगावर दहिवरासारखे उभे असलेले केस, आणि त्यांतील काहींच्या टोकाशी चमकणारा बिंदू त्याने बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, ‘बस, इतना-सा?’ मग त्याने भिंग माझ्या हातून घेतले, पानावरून उचलले, आणि सदऱ्याची बाही वर सारून स्वतःच्या कोपराच्या वळीवर धरले.

लष्कर, ग्वाल्हेर